सबवूफर आणि ॲम्प्लिफायर यांचा इम्पिडन्स जुळवणे: खरेदीपूर्वीच्या गणितापासून गेन लावण्यापर्यंत

गाडीत सबवूफर बसवल्यानंतर ॲम्प्लिफायर वारंवार बंद पडणे, हात लावता येणार नाही इतका तापणे, फ्यूज उडणे किंवा दोन मोठे वूफर असूनही बास पातळ येणे, या चारही तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा एकच कारण असते. वूफरच्या कॉइल, म्हणजे आतली तारेची वेटोळी, अशा जोडलेल्या असतात की ॲम्प्लिफायरला हवा असलेला इम्पिडन्स, म्हणजे ओहममध्ये मोजला जाणारा विद्युत अडथळा, त्याच्या टोकांवर मिळतच नाही. यातले गणित शाळेतल्या एकसर आणि समांतर जोडणीपलीकडे जात नाही. तरीही चूक होते, कारण कामाचा क्रम उलटा धरला जातो. आधी वूफर विकत घेतले जातात, मग ॲम्प्लिफायर येतो, मग तारा जोडल्या जातात, आणि एकूण किती ओहम झाले हा प्रश्न सर्वांत शेवटी, कधीकधी जळका वास आल्यावर, विचारला जातो.

या लेखात ‘एकसर’ म्हणजे दुकानात जिला सिरीज म्हणतात ती जोडणी आणि ‘समांतर’ म्हणजे पॅरलल. अधिक चिन्हाच्या टोकाला धन आणि उणे चिन्हाच्या टोकाला ऋण म्हटले आहे. पुढील सर्व टप्प्यांसाठी एकच उदाहरण घेऊ: ४ ओहमला ३०० वॅट आणि २ ओहमला ५०० वॅट देणारा, २ ओहमच्या खाली न चालणारा एक मोनोब्लॉक (एकच चॅनल असलेला) ॲम्प्लिफायर, आणि प्रत्येकी २५० वॅट आरएमएस (क्षणिक नव्हे, सतत चालणारी शक्ती) क्षमतेचे दोन सारखे १२ इंची सबवूफर.

जवळ ठेवायच्या वस्तू थोड्याच आहेत: डिजिटल मल्टिमीटर, दीड व्होल्टचा पेन्सिल सेल, कागद व पेन्सिल, खुणेसाठी चिकटपट्टी, लग (तारेच्या टोकावर बसवायचे धातूचे टोक) पंच करण्याची पक्कड, हीट श्रिंक नळी आणि पुरेशी जाड तांब्याची तार.

## टप्पा १ : ॲम्प्लिफायरची खालची मर्यादा वाचा

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला ‘कमाल वॅट’चा आकडा बाजूला ठेवा. माहितीपत्रकातील आरएमएस आकडे आणि प्रत्येक आकड्यापुढे लिहिलेले ओहम एवढेच आपल्या कामाचे आहे. शक्य असेल तर सीईए-२००६ या मानकानुसार दिलेले आकडे पाहा. ते १४.४ व्होल्ट पुरवठा आणि १ टक्क्यापर्यंतची विकृती (डिस्टॉर्शन) गृहीत धरून मोजलेले असतात, त्यामुळे दोन ॲम्प्लिफायरची तुलना करता येते.

ॲम्प्लिफायरचे सर्वांत कमी किती ओहमला स्थिर चालणे अपेक्षित आहे, ते कागदावर लिहून घ्या. चार चॅनलचा ॲम्प्लिफायर असेल, तर ब्रिज जोडणीसाठीचा आकडा वेगळा लिहा. ब्रिजमध्ये दोन चॅनल मिळून एक वूफर चालवतात आणि प्रत्येक चॅनलच्या वाट्याला त्या वूफरचा निम्माच इम्पिडन्स येतो. म्हणून स्टिरिओत, म्हणजे प्रत्येक चॅनल स्वतंत्र चालवताना, २ ओहमपर्यंत चालणारा ॲम्प्लिफायर ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली नेता येत नाही. पुष्कळ ॲम्प्लिफायर या एका मुद्द्यावर बळी जातात.

मर्यादेखाली गेल्यावर नेमके काय होते, हेही समजून घ्यावे. ॲम्प्लिफायर ठरावीक व्होल्टेज बाहेर देतो. ५०० वॅट २ ओहममध्ये जाताना ते व्होल्टेज सुमारे ३१.६ आणि प्रवाह सुमारे १५.८ अँपिअर असतो. तेच व्होल्टेज १ ओहमवर पडले, तर प्रवाह दुप्पट होऊ पाहतो, आणि आउटपुट ट्रान्झिस्टरमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चांगला ॲम्प्लिफायर अशा वेळी स्वतःला बंद करून घेतो. साधा ॲम्प्लिफायर जळतो.

इशारा: जितके कमी ओहम तितका चांगला बास, ही समजूत सोडून द्यावी. इम्पिडन्स निम्मा केल्याने शक्ती अगदी आदर्श स्थितीतही दुप्पटच होते, आणि दुप्पट शक्ती म्हणजे फक्त ३ डेसिबलची वाढ. आवाज दुप्पट वाटण्यासाठी कानाला सुमारे १० डेसिबल लागतात. त्या ३ डेसिबलसाठी बॅटरी, अल्टरनेटर आणि तारा या सगळ्यांवर भार वाढतो. रोजच्या वापराच्या लहान गाडीसाठी १ ओहमचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

## टप्पा २ : प्रत्येक कॉइल ओळखा आणि मोजा

सबवूफरला एक कॉइल असेल तर दोन टोके असतात. दुहेरी कॉइल असेल तर चार. दुहेरी कॉइलच्या वूफरवर लिहिलेला आकडा जवळजवळ नेहमी एका कॉइलचा असतो. ‘ड्युअल फोर’ म्हणजे प्रत्येकी ४ ओहमच्या दोन स्वतंत्र कॉइल. तो वूफर ‘४ ओहमचा’ नसतो: जोडणीनुसार तो २ किंवा ८ ओहमचा होतो, आणि दोन्ही कॉइल वापरून त्याच्यापासून ४ ओहम मिळवण्याचा मार्गच नाही. हे लक्षात न घेता तो ४ ओहमच्या ब्रिज जोडणीसाठी विकत घेतला जातो आणि पुढची सगळी ओढाताण तिथून सुरू होते.

मोजणी अशी करा:

१. वूफरच्या टोकांना काहीही जोडलेले नाही याची खात्री करा.

२. मल्टिमीटर २०० ओहमच्या श्रेणीवर ठेवा. दोन्ही प्रोबची टोके एकमेकांना घट्ट टेकवून येणारा आकडा, उदाहरणार्थ ०.३, लिहून ठेवा. हा मीटरच्या तारांचा स्वतःचा रोध आहे आणि तो पुढच्या प्रत्येक वाचनातून वजा करायचा आहे.

३. पहिल्या कॉइलच्या धन व ऋण टोकांवर प्रोब धरा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. या वेळी वूफरच्या कोनला, म्हणजे पुढच्या हलणाऱ्या शंकूसारख्या पडद्याला, हात लावू नका, कारण कोन हलला की कॉइलमध्ये वीज निर्माण होते आणि वाचन भरकटते.

४. दुसऱ्या कॉइलचे वाचन घ्या.

५. पहिल्या कॉइलचे एक टोक आणि दुसऱ्या कॉइलचे एक टोक यांच्यामध्ये मोजा. इथे मीटरने काहीच दाखवता कामा नये. आकडा आला, तर आत कुठेतरी जोड आहे किंवा कॉइल एकमेकींना चिकटल्या आहेत.

वाचन छापील आकड्यापेक्षा कमी येईल आणि ते योग्यच आहे. मीटर कॉइलच्या तारेचा रोध मोजतो. इम्पिडन्स मात्र बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा एकूण अडथळा असतो आणि तो वारंवारतेनुसार बदलतो. ४ ओहमची कॉइल साधारण ३.२ ते ३.७ आणि २ ओहमची साधारण १.६ ते १.९ दाखवते. २ ओहमच्या कॉइलवर ०.५ दिसले किंवा मीटर अनंत दाखवू लागला, तर ती कॉइल खराब आहे.

तपमानाचाही विचार ठेवा. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २५ अंशांना १.७ ओहम दाखवणारी कॉइल ६० अंशांना १.९ च्या वर दाखवेल. विदर्भात मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिकीत मोजमाप घेणाऱ्याने हा फरक दोष समजू नये. वूफर सावलीत थंड होऊ द्यावा आणि मग मोजावे.

तपासणी: दोन्ही वूफरच्या मिळून चारही कॉइलचे आकडे एकमेकांच्या जवळ, ०.२ ओहमच्या आत असावेत.

## टप्पा ३ : गणित करा, आणि ते खरेदीपूर्वी करा

नियम दोनच आहेत. एकसर जोडणीत ओहमची बेरीज होते. समांतर जोडणीत सारख्या कॉइल असतील, तर एका कॉइलचे ओहम कॉइलच्या संख्येने भागावे. वेगवेगळ्या दोन कॉइल असतील, तर त्यांच्या गुणाकाराला बेरजेने भागावे. गणित छापील आकड्यांनी करावे आणि मोजलेले आकडे पुढे पडताळणीसाठी राखून ठेवावेत.

प्रत्येक कॉइलला सारखी शक्ती मिळेल अशा ज्या जोडण्या शक्य आहेत, त्यांतून नेहमी लागणारे आकडे असे निघतात:

- एक ड्युअल टू : समांतर १ ओहम, एकसर ४ ओहम.
- एक ड्युअल फोर : समांतर २ ओहम, एकसर ८ ओहम.
- दोन ड्युअल टू : सगळ्या कॉइल समांतर ०.५ ओहम, वूफरच्या आत एकसर आणि वूफर आपसांत समांतर २ ओहम, सगळ्या एकसर ८ ओहम.
- दोन ड्युअल फोर : सगळ्या समांतर १ ओहम, आत एकसर, बाहेर समांतर ४ ओहम, सगळ्या एकसर १६ ओहम.
- एकेरी ४ ओहमचे दोन वूफर : समांतर २ ओहम, एकसर ८ ओहम.
- एकेरी ४ ओहमचे तीन वूफर : समांतर १.३३ ओहम.

यादीतील तिसरी आणि चौथी ओळ पुन्हा वाचावी. आपल्या उदाहरणातील ॲम्प्लिफायर २ ओहमला पूर्ण ५०० वॅट देतो. त्यासाठी दोन ड्युअल टू हवेत. त्याऐवजी दोन ड्युअल फोर घेतले, तर समोर कामाचे दोनच पर्याय उरतात: १ ओहम, जो ॲम्प्लिफायरला सोसणार नाही, आणि ४ ओहम, ज्यावर तो ३०० वॅटच देईल. तारा कितीही हुशारीने फिरवल्या, तरी चारही कॉइल समान चालवून त्यांतून २ ओहम निघत नाहीत. दुकानदार ‘दोन्ही सारखेच, ओहम मागाहून जुळवू’ असे म्हणाला, तर ही दोन ओळींची यादी त्याच्यासमोर ठेवावी.

अशा अडचणीत काही जण चारपैकी दोन कॉइल मोकळ्या सोडून आकडा जुळवतात. असे करू नये. एक कॉइल बंद ठेवली की वूफरची शक्ती सोसण्याची क्षमता साधारण निम्मी होते आणि त्याचे कोनवरील नियंत्रणही बदलते, त्यामुळे वूफर बसवायच्या ज्या खोक्याची मापे दोन्ही कॉइल धरून काढलेली असतात ते खोके त्याला जुळत नाही. त्यापेक्षा ४ ओहमवर ३०० वॅट घेऊन समाधानाने ऐकणे कितीतरी चांगले; डेसिबलच्या हिशेबाने ३०० आणि ५०० वॅटमधला फरक जेमतेम २ डेसिबलचा आहे.

वेगवेगळ्या ओहमचे किंवा वेगवेगळ्या बनावटीचे वूफर एका चॅनलवर एकत्र जोडू नयेत. २ आणि ४ ओहमचे वूफर समांतर लावले, तर २ ओहमच्या वूफरला दुप्पट शक्ती जाते. एकसर लावले, तर उलट ४ ओहमच्या वूफरला दुप्पट जाते. एक वूफर कष्टतो, दुसरा नुसता हलतो, आणि जळतो तो नेहमी कष्टणारा.

तपासणी: पुढे जाण्यापूर्वी कागदावर तीन आकडे असावेत: ॲम्प्लिफायरचे किमान ओहम, जोडणीतून येणारे ओहम आणि प्रत्येक कॉइलच्या वाट्याला येणारे वॅट. आपल्या उदाहरणात ते २, २ आणि १२५ आहेत. वूफरची क्षमता २५० म्हणजे कॉइलमागे १२५, त्यामुळे हिशेब बरोबर जुळतो.

## टप्पा ४ : आकृती काढा आणि बोट फिरवून पाहा

हा टप्पा पाच मिनिटांचा आहे आणि अनुभवी माणसेही तो टाळतात. कागदावर दोन वर्तुळे काढा, प्रत्येकात दोन कॉइल दाखवा आणि त्यांना १क, १ख, २क, २ख अशी नावे द्या. हीच नावे चिकटपट्टीवर लिहून प्रत्यक्ष टोकांजवळ लावा. आपल्या उदाहरणाची जोडणी अशी होते:

१. १क चे ऋण टोक १ख च्या धन टोकाला जोडायचे. पहिला वूफर ४ ओहमचा झाला.

२. २क चे ऋण टोक २ख च्या धन टोकाला जोडायचे. दुसराही ४ ओहमचा झाला.

३. १क चे धन आणि २क चे धन एकत्र करून ॲम्प्लिफायरच्या धन टोकाकडे न्यायचे.

४. १ख चे ऋण आणि २ख चे ऋण एकत्र करून ॲम्प्लिफायरच्या ऋण टोकाकडे न्यायचे.

आता धन टोकावर बोट ठेवा आणि तारेवरून ऋण टोकापर्यंत या. प्रत्येक वाटेवर प्रत्येक कॉइलमध्ये शिरताना धन टोकातून आणि बाहेर पडताना ऋण टोकातून गेलात पाहिजे. कुठे उलटे शिरावे लागले, तर आकृती चुकली आहे. कॉइल न ओलांडता ऋण टोकापर्यंत पोहोचता आले, तर तो शॉर्ट आहे.

हाच आकडा आतमध्ये समांतर आणि बाहेर एकसर करूनही मिळतो. मी पहिली पद्धत पसंत करतो, कारण तीत प्रत्येक वूफर थेट ॲम्प्लिफायरच्या टोकांवर असतो, आणि एखाद्या वूफरची कॉइल तुटून तो बंद पडला तरी दुसरा चालू राहून ॲम्प्लिफायरवरील भार घटतो. दुसऱ्या पद्धतीत एका वूफरच्या कोनच्या हालचालीचा परिणाम दुसऱ्याच्या प्रवाहावर होतो.

## टप्पा ५ : वीज तोडा, तार निवडा

गाडीच्या बॅटरीचे ऋण टोक प्रथम काढा आणि मुख्य तारेचा फ्यूज बाहेर काढून खिशात ठेवा. आवाजाच्या टोकांवर काम करायचे आहे म्हणून पुरवठा चालू राहिला तरी चालेल, हा विचार महागात पडतो. एक सुटी तार ॲम्प्लिफायरच्या आवरणाला टेकली की पुरे.

वूफरच्या तारेसाठी अडीच एमएम, म्हणजे २.५ चौरस मिलिमीटरची, बहुतारी तांब्याची वायर घ्या. १ ओहमच्या जोडणीला चार एमएम बरी. ॲम्प्लिफायर ते वूफर २ मीटर अंतर असेल, तर जाऊन-येऊन ४ मीटर तार होते. १ चौरस मिलिमीटरच्या तारेत त्याचा रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो, अडीच एमएममध्ये सुमारे ०.०३. हे आकडे क्षुल्लक वाटतात, पण २ ओहमच्या भारासमोर पहिला साडेतीन टक्के आहे आणि १ ओहमसमोर सात टक्के, आणि तेवढी शक्ती तारेत उष्णता होऊन जाते.

तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार बाजारात सर्रास तांब्याची म्हणून मिळते. एक धागा ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरा धातू दिसला तर ती तांब्याची नाही. तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो आणि दमट हवेत जोडावर ती लवकर खराब होते. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील गाड्यांत ती घालूच नये.

## टप्पा ६ : खोक्यातील जोडणी

वूफर खोक्यात बसवण्याआधी, मऊ कापडावर पालथा ठेवून एकसर जोड पूर्ण करा. जोडाची तार आखूड असावी. टोके स्प्रिंगची असतील, तर तार फिरवून घट्ट पीळ द्या, उघडा भाग टोकाच्या आतच राहील इतकाच सोला, आणि शेजारच्या टोकाला एकही धागा टेकत नाही हे उजेडात पाहा. चपट्या टोकांना लग पंच करून लावा आणि वर हीट श्रिंक चढवा. नुसती पिळलेली तार आणि वर काळी चिकटपट्टी, हा जोड गाडीत टिकत नाही. उष्णतेने चिकटपट्टी सुटते आणि हादऱ्यांनी पीळ ढिला होतो.

खोक्याच्या आतील तार भिंतीला क्लिपने बांधा. सुटी तार कोनला लागून खरखर करते आणि पुष्कळ लोक ती वूफर फाटल्याची खूण समजतात.

तयार खोके घेतले असेल, तर बाहेरच्या टोकांच्या मागे काय जोडलेले आहे ते वूफर काढून डोळ्यांनी पाहा. आत आधीच समांतर जोड केलेला असतो आणि बाहेरून पुन्हा समांतर जोड दिला जातो, अशी गल्लत सहज होते.

इशारा: समांतरचा अंतिम जोड, म्हणजे दोन्ही वूफर एकत्र करणे, आत्ताच करू नका. त्याआधी पुढच्या टप्प्यातील पहिली तपासणी करायची आहे.

## टप्पा ७ : मोकळ्या टोकांवरील तीन तपासण्या

संपूर्ण कामात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा टप्पा. ॲम्प्लिफायरला एकही तार लावण्याआधी, त्याच्याकडे जाणाऱ्या मोकळ्या टोकांवर या तिन्ही तपासण्या करा.

पहिली, रोध टप्प्याटप्प्याने. आधी प्रत्येक वूफर स्वतंत्र मोजा. कॉइल १.७ ओहमच्या असतील, तर एकसर जोडानंतर प्रत्येक वूफरवर ३.४ आले पाहिजेत. त्यानंतर दोन्ही समांतर जोडून मोजा. आता पुन्हा १.७ येतील. थेट शेवटचा आकडा मोजून समाधान मानू नका, कारण १.७ हा आकडा फसवा आहे. सगळी जोडणी बिघडून फक्त एकच कॉइल जोडलेली राहिली, तरी मीटर १.७ च दाखवतो. शिवाय ०.९ आणि ०.५ मधला फरक स्वस्त मीटरवर खात्रीने कळत नाही, म्हणून कमी ओहमच्या जोडणीत टप्प्याटप्प्याने मोजणे आणखी गरजेचे असते.

दुसरी, दिशा. मीटर उलटी जोडलेली कॉइल ओळखू शकत नाही. रोध दोन्ही बाजूंनी सारखाच असतो. पेन्सिल सेलचे धन टोक धन तारेला आणि ऋण टोक ऋण तारेला क्षणभर लावा. दोन्ही वूफरचे कोन एकाच वेळी बाहेरच्या बाजूस सरकले पाहिजेत. एक बाहेर आणि एक आत गेला, तर त्यांतल्या एकाची जोडणी उलटी आहे, आणि चालू केल्यावर दोघांचा बास एकमेकांना खाऊन टाकेल. एखादा कोन मुळीच हलला नाही, तर बहुधा त्याच्या दोन कॉइल परस्परविरोधी आहेत. अशा स्थितीत कॉइल तापत राहतात आणि आवाज येत नाही, त्यामुळे माणूस आवाज वाढवत जातो आणि वूफर जळतो. हालचाल फार कमी दिसत असेल, तर ९ व्होल्टचा सेल अगदी क्षणभर टेकवावा. कुठलाही सेल धरून ठेवू नये.

तिसरी, बॉडीशी संबंध. मीटरचा एक प्रोब वूफरच्या तारेवर आणि दुसरा गाडीच्या रंग नसलेल्या लोखंडावर धरा. धन व ऋण दोन्ही तारांवर काहीही वाचन येता कामा नये. सीटच्या रुळाखाली दबलेली किंवा डिकीच्या पत्र्याने कापलेली तार इथेच सापडते.

## टप्पा ८ : ॲम्प्लिफायरला जोडणी

मोनोब्लॉकवर पुष्कळदा वूफरसाठी धन-ऋणच्या दोन जोड्या दिसतात. त्या दोन चॅनलच्या नसतात. बहुतेक मोनोब्लॉकमध्ये त्या आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. म्हणजे एका जोडीवर एक आणि दुसऱ्या जोडीवर दुसरा वूफर लावला, तर ती समांतर जोडणीच झाली. ‘प्रत्येक जोडीवर २ ओहम आहेत, त्यामुळे मर्यादेत आहे’ असे समजणाऱ्याच्या ॲम्प्लिफायरवर प्रत्यक्षात १ ओहम असतो. खात्री करायची असेल, तर पुरवठा बंद असताना दोन्ही धन टोकांमध्ये मीटर धरा. जवळजवळ शून्य आले, तर ती एकच आहेत.

ब्रिज जोडणीत एका चॅनलचे धन आणि दुसऱ्या चॅनलचे ऋण टोक वापरले जाते, आणि ॲम्प्लिफायरवर त्याची रेघ काढलेली असते. अंदाजाने टोके निवडू नका. प्रत्येक बनावटीत ती वेगळी असू शकतात. वूफरचे ऋण टोक गाडीच्या बॉडीला कधीही जोडू नका. जुन्या रेडिओंच्या काळातली ही सवय आजच्या ॲम्प्लिफायरचा आउटपुट थेट शॉर्ट करते.

पुरवठ्याच्या बाजूबद्दल थोडक्यात. ५०० वॅटसाठी, ८० टक्के कार्यक्षमता धरली तर, १३.८ व्होल्टला सुमारे ४५ अँपिअर लागतात, आणि १६ चौरस मिलिमीटर तांब्याची तार त्याला योग्य आहे. मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत असावा. अर्थसाठी, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या पुरवठ्याच्या ऋण तारेसाठी, रंग खरवडून उघडा केलेला पत्रा वापरा. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावू नका. ज्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर सेन्सर असतो, तिथे अर्थ थेट त्या टोकाला न जोडता बॉडीला जोडावा.

## टप्पा ९ : पहिली सुरुवात आणि गेन

गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारे बटण) पूर्ण खाली, बास बूस्ट बंद, लो-पास (वरचे सूर गाळणारा फिल्टर) सुमारे ८० हर्ट्झ. फ्यूज लावा, बॅटरी जोडा आणि इंजिन सुरू करा. कमी आवाजात दहा मिनिटे ऐका आणि ॲम्प्लिफायरला हात लावून पाहा.

गेनसाठी लागणारे व्होल्टेज वॅट आणि ओहम यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतके असते. ५०० वॅट आणि २ ओहम यांचे उत्तर ३१.६ व्होल्ट, ३०० वॅट आणि ४ ओहम यांचे ३४.६ व्होल्ट. दुसरे उदाहरण मुद्दाम दिले आहे. ओहम बदलले की योग्य व्होल्टेज बदलते, म्हणून वूफरची जोडणी बदलल्यावर जुन्याच जागी गेन ठेवून चालत नाही.

१. स्टिरिओ (गाडीचा म्युझिक प्लेअर) बंद करून वूफरच्या तारा ॲम्प्लिफायरवरून काढा.

२. मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्प्लिफायरच्या टोकांना लावा.

३. पूर्ण पातळीवर रेकॉर्ड केलेला ५० हर्ट्झचा अखंड सूर वाजवा, स्टिरिओचा आवाज कमाल पातळीच्या तीनचतुर्थांशावर आणि त्याचे बास-ट्रेबल शून्यावर ठेवा.

४. गेन हळूहळू वाढवत ३१ व्होल्टच्या आसपास थांबा. गेन फिरवूनही व्होल्टेज वाढेनासे झाले, तर सूर कापला जाऊ लागला आहे. तिथून मागे या.

५. सूर बंद करा, ॲम्प्लिफायर बंद करा, आणि मगच वूफर पुन्हा जोडा.

इशारा: बास बूस्ट पुढे कधीही वाढवला, तर ही सगळी मोजणी रद्द होते. बूस्टचे ६ डेसिबल म्हणजे त्या वारंवारतेला चौपट शक्तीची मागणी.

## टप्पा १० : प्रोटेक्टचा दिवा लागल्यास

हा दिवा लागला म्हणजे ॲम्प्लिफायरने बचावासाठी स्वतःला बंद केले आहे. पुरवठा बंद करा आणि वूफरच्या दोन्ही तारा काढून पुन्हा चालू करा. दिवा तसाच राहिला, तर दोष वूफरकडे नाही; अर्थ, पुरवठ्याचे व्होल्टेज किंवा खुद्द ॲम्प्लिफायर तपासा. दिवा विझला, तर टप्पा ७ मधील तिन्ही तपासण्या पुन्हा करा, आणि त्यांत तिसरी प्रथम करा.

कमी आवाजात नीट चालून मोठ्या आवाजातच बंद पडत असेल, तर दोन शक्यता उरतात: ओहम मर्यादेखाली आहेत, किंवा बासच्या ठोक्याबरोबर पुरवठ्याचे व्होल्टेज कोसळते आहे. गाणे वाजत असताना ॲम्प्लिफायरच्या पुरवठ्याच्या टोकांवर डीसी व्होल्ट मोजा. इंजिन चालू असताना ते प्रत्येक ठोक्याला १२ च्या खाली जात असेल, तर जोडणीतील ओहम बदलण्याआधी तार, अर्थ आणि बॅटरी पाहावी.

अर्धा तास वाजवल्यानंतर ॲम्प्लिफायरच्या टोकांचे स्क्रू एकदा आवळा आणि महिन्याभराने पुन्हा आवळा, कारण बहुतारी वायर दाबाखाली बसत जाते. ॲम्प्लिफायरच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवून तिच्यावर जोडणीचा प्रकार, थंड असताना मोजलेला रोध, गेनचे व्होल्टेज आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या वेळी वूफर तपासताना तुलना याच आकड्यांशी करायची आहे.